दुर्गम बाजारगावांतील पोलीस दूरक्षेत्रे चोवीस तास उघडी असावीत का?

माणकाठ (धागाकर्ता)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पोलीस ठाणी दिवसरात्र चालू असतात आणि ठाणे अंमलदाराची, म्हणजे ठाण्यात तक्रार घ्यायला पाळीवर बसलेल्या पोलिसाची, खुर्ची मध्यरात्रीही रिकामी नसते, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो ठाण्याच्या हद्दीतील दूरक्षेत्रांचा, म्हणजे ज्यांना आपण औटपोस्ट किंवा नुसतेच चौकी म्हणतो त्यांचा. आठवडी बाजाराचे गाव, भोवती पंधरा-वीस वाड्या, एखादे ग्रामीण रुग्णालय, दोन बँका, पेट्रोल पंप आणि कारखान्याकडे जाणारा उसाचा रस्ता, एवढ्या पसाऱ्यासाठी एक खोली असते आणि संध्याकाळनंतर तिला कुलूप लागते. बीट अंमलदार, म्हणजे ठरावीक गावे नेमून दिलेले पोलीस, दिवसा येतात, समन्स-वॉरंट बजावतात, अर्जांची चौकशी करतात आणि मुक्कामाला तालुक्याच्या गावी जातात.

माझे म्हणणे असे की, अशा प्रत्येक बाजारगावातील दूरक्षेत्र रात्रीही उघडे असावे आणि तेथे किमान दोन कर्मचारी असावेत. माण-खटावकडे होणाऱ्या चोऱ्या पाहा. विहिरीवरच्या मोटारी आणि केबल, वाड्यावर बसवलेल्या मेंढ्या, देवळातील दानपेटी, पवनचक्कीतील तांब्याची तार यांपैकी एकही वस्तू भरदिवसा जात नाही. पहाटे तीनला मोटार गेल्याचे कळले तर शेतकरी दिवस उजाडण्याची वाट पाहतो, कारण ठाणे लांब आहे आणि चौकीवर कोणी नाही. तोवर माल घेतलेला टेम्पो जिल्ह्याबाहेर पडलेला असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. मग ज्या वेळी गुन्हा घडतो, नेमक्या त्याच वेळी दार बंद का असावे, याचे उत्तर मला हवे आहे.

निवृत्त अंमलदार

उत्तर आकड्यांत आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाकडून आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम घेतले, तर त्याचे तास भरतात ४८. म्हणजे एक खुर्ची अखंड भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात आणि आपण मागता तशा दोन खुर्च्यांसाठी सात. रजा, प्रशिक्षण, न्यायालयातील साक्षी धरल्या तर आठ-नऊ माणसांशिवाय हे जमत नाही. बारा तासांची पाळी लावली, तरी पाच जणांच्या खाली आकडा येत नाही. आता आपल्या तालुक्यात अशी चार दूरक्षेत्रे धरा आणि तेवढी माणसे मूळ ठाण्यातून काढून दाखवा. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाला, परंतु ग्रामीण ठाण्यांत अजून बारा तासांचीच सवय आहे आणि बंदोबस्त आला की तीही मर्यादा उरत नाही.

आणि बंदोबस्त कधी नसतो? पालखी सोहळा नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा जातो, तेव्हा सगळ्या जिल्ह्याचे मनुष्यबळ तिकडे वळते. २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर मांढरदेवच्या यात्रेतील एक शिपाई कमी करण्याचेही धाडस कोणी करणार नाही. पुसेगावची यात्रा आहे, पालचा खंडोबा आहे, सांगलीकडे शिराळ्याची नागपंचमी आहे, शिवाय निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे आहेतच. यांतल्या प्रत्येक वेळी पहिला माणूस उचलला जातो तो दूरक्षेत्रावरचा.

याहून मूलभूत अडचण कायद्याची आहे. शासनाने राजपत्रात पोलीस ठाणे म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणीच गुन्हा दाखल होतो आणि दूरक्षेत्र म्हणजे ठाणे नव्हे. आपला शेतकरी पहाटे तीनला उघड्या दारातून आत आला, तरी तेथील हवालदार जबाब लिहून घेईल, ठाण्याला फोन करील आणि गुन्ह्याचा क्रमांक ठाण्यातूनच पडेल. मी दूरक्षेत्रांवर रात्री काढल्या आहेत. वर्दी, म्हणजे घटनेची खबर, आली की निघावे तर चौकी बंद पडते आणि चौकी सांभाळावी तर वर्दीचा उपयोग होत नाही, या पेचातून एकट्या माणसाला वाट नसते. दोघे असले, तरी रात्री एकट्याने जाऊ नये हा साधा नियम पाळायचा म्हटल्यावर स्थिती तीच राहते.

जतपूर्व

अंमलदार साहेबांचे गणित बिनचूक आहे, पण ते गणित नेहमी लांबच्या माणसाच्या खात्यावरच का वजा होते, असा माझा प्रश्न आहे. जत तालुका क्षेत्रफळाने सांगली जिल्ह्यातील सर्वांत मोठा, जिल्ह्याचा सुमारे चौथा हिस्सा. पूर्व भागातील लोकांना सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडते. उमदीला स्वतंत्र ठाणे आहे म्हणून त्या टोकाला निदान एक दार रात्री उघडे असते, परंतु ठाणी आणि त्यांच्या भोवतीची गावे यांच्यातील रस्ते ज्याने रात्री दुचाकीवरून पार केले आहेत, त्याला अंतर किलोमीटरमध्ये सांगून समाधान होणार नाही.

तातडीच्या मदतीचा ११२ क्रमांक आहे ना, असे लगेच सांगितले जाईल. हा फोन नवी मुंबईतील कक्षात जातो, तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग जवळच्या गाडीतील पडद्यावर संदेश उमटतो. व्यवस्था चांगली आहे, शहरात तर उत्तमच आहे. परंतु सीमेवरच्या गावात मोबाइल पुष्कळदा पलीकडचा टॉवर पकडतो आणि तातडीचा फोन टॉवर ज्या राज्यातला, त्या राज्याच्या कक्षात जाऊन पोहोचतो. तेथे कन्नडमध्ये विचारणा झाली, तर आमच्यापैकी पुष्कळांना उत्तर देता येते हा भाग वेगळा. पण गाडी कोणी पाठवायची, हे ठरण्यात वेळ जातो.

कोयनाखोरे

माझा या मागणीला विरोध आहे आणि तो दुर्गम भागात राहणारा माणूस म्हणूनच आहे. बाजारगावात दिवा लागला म्हणून खोऱ्यातील वाडीपर्यंत पोलीस पोहोचत नाहीत. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा कोयनानगरचे ठाणे काही बंद नव्हते. रस्ते तुटले होते, ओढ्यांना पूर होता, फोन लागत नव्हते, म्हणून मदत पोहोचायला उशीर झाला. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर लाँचशिवाय सरळ वाट नाही आणि रात्री लाँच चालत नाही. तेथील माणसाने तापोळ्याला किंवा बामणोलीला रात्रभर उघड्या असलेल्या चौकीचे काय करावे?

जे पैसे इमारतीत आणि खुर्चीत घालायचे, ते चालत्या गाडीत, बिनतारी संचात आणि टॉवरमध्ये घाला. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांसाठी वाहने घेतली गेली आहेत, तेव्हा मार्ग नवा शोधायला नको. दोन माणसे खोलीत बसवण्यापेक्षा तीच दोन माणसे गाडीत असली, तर निदान ती कोठेतरी जातील.

माणकाठ

दरड हे आपत्ती व्यवस्थापनाचे उदाहरण झाले आणि ते येथे आणल्याने मूळ प्रश्न बाजूला पडतो. तरीही त्यावर एक सांगतो. कोणत्या वाडीत किती उंबरे, कोण मुंबईला, कोण घरी, हे रात्री अंधारात सांगू शकणारा पोलीस तोच, जो त्या बीटमध्ये राहतो. गाडीतील माणसे दर पाळीला बदलतात. त्यांना रस्ता माहीत असतो, माणसे माहीत नसतात.

गाडीविषयी दुसरी शंका अशी की, ती आपल्या गावात उभी राहील याची खात्री कोण देणार? महामार्गावर अपघात झाला, खंबाटकीत कोंडी झाली, की तालुक्यातील सगळी वाहने तिकडे धावतात आणि ते योग्यही आहे. खोली मात्र कोणाला उचलून नेता येत नाही. माझा भर तिच्यावर आहे तो एवढ्यासाठीच.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. येथे सगळे चोरीविषयी बोलत आहेत, म्हणून मी दुसऱ्या गोष्टीविषयी लिहिते.

रात्री अकराला सर्पदंशाचा रुग्ण दगावतो, किंवा विष घेतलेली सून आणली जाते आणि तासाभरात जाते. अशा मृत्यूची खबर आम्ही पोलिसांना द्यायची असते आणि पोलिसांनी येऊन दोन पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा केल्याशिवाय शवविच्छेदन होत नाही. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करण्याची मुभा केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली, पण ती सोयी असलेल्या रुग्णालयांना आणि तीही सरसकट प्रत्येक मृत्यूसाठी नाही. आमच्याकडे सकाळच उजाडते. परंतु पंचनामा सकाळी सातला झालेला असणे आणि पोलीसच सकाळी दहाला येणे, यांत नातेवाइकांच्या दृष्टीने फार फरक आहे. गावाकडून ट्रॅक्टर भरून माणसे आलेली असतात, सुनेच्या माहेरचे एका बाजूला आणि सासरचे दुसऱ्या बाजूला बसलेले असतात आणि मध्ये आम्ही दोघी व रुग्णालयाचा एक शिपाई. अशा रात्री चौकीवर नुसता एक गणवेशातील माणूस असला आणि तो चालत येऊन दारात उभा राहिला, तरी आवाज खाली येतात. हे मी पाहिलेले आहे. गुन्हा नोंदवण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

निवृत्त अंमलदार

ताई, आपले म्हणणे मला सर्वाधिक पटते, परंतु त्यावरून चौकीऐवजी रुग्णालयाजवळ पोलीस असावा एवढेच सिद्ध होते. मोठ्या रुग्णालयांत पोलीस चौकी असतेच. ग्रामीण रुग्णालयासाठी गस्तीच्या गाडीचा ठरलेला थांबा पुरेसा आहे.

वकील, कऱ्हाड

चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही. रात्रभर उघडी असलेली, वरिष्ठ अधिकारी नसलेली आणि ठाण्यापासून लांब असलेली खोली ही नागरिकासाठी नेहमीच सुरक्षित जागा असते, हे गृहीतक मला मान्य नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीजवळ नेऊन जाळण्यात आला. हे जिल्ह्याच्या मुख्यालयातील, भर वस्तीतील ठाण्यात घडले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला, त्यामागे असेच अनुभव होते. आपली दूरक्षेत्रे त्या व्यवस्थेत कितपत बसतात, याचा विचार केल्याशिवाय त्यांना रात्रीची मोकळीक देऊ नये. ‘चौकशीसाठी बोलावले आहे’ एवढ्या निरोपावर माणसे तेथे जातील आणि कोणत्याही नोंदवहीत त्यांचे येणे-जाणे दिसणार नाही.

दुसरी बाब स्त्रियांची. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत पीडित स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. दोन पुरुष शिपाई असलेली चौकी रात्री उघडी ठेवून अशा स्त्रीला आपण काय देणार? तिला पुन्हा ठाण्यातच जावे लागेल आणि पहिली विचारपूस मात्र अनोळखी पुरुषांसमोर झालेली असेल. याच कलमाने हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याचा आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याचा हक्क दिला आहे. तीन दिवसांत सही करायची, एवढीच अट आहे. तेव्हा नोंदीसाठी खोली उघडी असण्याची निकड आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. एक तर लोकसंख्या आणि अंतर पाहून त्या गावाला पूर्ण ठाण्याचा दर्जा मागावा, अधिकारी, महिला कर्मचारी आणि कॅमेऱ्यांसह. नाहीतर आहे ते राहू द्यावे. अर्धवट ठाणे कोणाच्याच हिताचे नाही.

जतपूर्व

वकील साहेब, तीन दिवसांत सही करायला जायचे कोठे? त्याच ठाण्यात ना? ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याच्यासाठी फिर्याद मोबाइलवर सुरू झाली तरी संपते एसटीच्या थांब्यावरच. आणि पूर्ण ठाण्याचा दर्जा मिळेपर्यंत पदनिर्मिती, वित्त विभागाची मान्यता, जागा, इमारत या पायऱ्या चढण्यात किती वर्षे जातात, हे आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता. सगळे मिळेल तेव्हा घ्या, असे सांगणे म्हणजे नम्र शब्दांत नकारच होय.

कोठडीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. दूरक्षेत्रात रात्री कोणालाही बसवून ठेवायचे नाही, चौकशीलाही बोलवायचे नाही, असा लेखी आदेश हवा. तसा फलक दारावरच लावावा.

कृष्णाकाठ

इतका ऊहापोह करण्यापेक्षा ग्रामसुरक्षा दले नीट चालवावीत. पोलीस पाटील प्रत्येक गावात आहेत, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांना कर्तव्ये नेमून दिली आहेत. एका फोनवर सगळ्या गावाला एकाच वेळी सूचना जाईल, अशी ग्रामसुरक्षा यंत्रणाही आपल्या भागात आहे. स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारच्या काळात आपल्याच कुंडल परिसरातील गावांनी दरोडेखोरांचा बंदोबस्त स्वतः केला होता, तेव्हा कोणती चौकी उघडी होती?

जतपूर्व

त्या काळात चौकी परक्या सरकारची होती आणि गावांना दुसरा उपाय नव्हता. आजचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी बेदम मारले. संशयावरून पेटलेल्या जमावाला ‘थांबा’ म्हणणारा अधिकाराचा माणूस तेथे पहिल्या क्षणी नव्हता. एका फोनवर सगळे गाव जागे करणारी यंत्रणा मलाही हवी आहे, पण जागे झालेले गाव काठ्या घेऊन बाहेर पडते आणि तेव्हा त्याच्या पुढे उभा राहणारा पोलीस त्या फोनच्या मागोमाग पोहोचलाच पाहिजे. पोलीस पाटील एकटे असतात, मानधनावर असतात आणि जमावातील निम्मे लोक त्यांचे भाऊबंद असतात.

निवृत्त अंमलदार

लवंग्याची घटना दिवसाची होती. रात्री चौकी उघडी असती, तरी तिचा तेथे उपयोग झाला नसता, एवढी नोंद करून पुढे जातो.

माझी पर्यायी सूचना अशी. प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतील दूरच्या बाजारगावाला रात्री अकरा ते पहाटे पाच एक गाडी नेमून द्यावी, आणि तिचा मुक्काम चौकीच्या अंगणातच असावा. चालक, एक हवालदार आणि एक शिपाई एवढी माणसे लागतील. रुग्णालय, बँक, पंप आणि एसटी स्थानक येथे तिने ठरावीक वेळी जावे, क्यूआर कोडवर नोंद करावी, म्हणजे गस्त कागदावरच राहिली असे कोणी म्हणणार नाही. वर्दी आली की गाडी निघेल. ती नसताना चौकीच्या दारावर थेट ठाणे अंमलदाराला लागणारा एक फोन असावा. हे एकाच पाळीत बसते, म्हणून परवडते.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरत आहेत. पूर्वी दूरक्षेत्राशेजारी दोन खोल्यांचे पोलीस निवासस्थान असे आणि हवालदार कुटुंबासह तेथे राहत असे. त्याची मुले गावच्या शाळेत जात, बायको गावच्या बाजारात जात, त्यामुळे रात्री दार वाजले की तो उठत असे. चोवीस तासांची सेवा म्हणून त्याला वेगळी नेमणूक लागत नव्हती. यांतल्या कित्येक खोल्या आज राहण्याजोग्या नाहीत. छप्पर गळते, संडास नाही, पाणी विकत घ्यावे लागते आणि मुलांना पाचवीनंतर तालुक्यालाच न्यावे लागते. खोल्या दुरुस्त होत नाहीत, तोवर कुलपाचा दोष अंमलदाराच्या माथी मारू नये.

माणकाठ

निवासस्थानाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, म्हणून त्याचे स्वागत करतो, आणि दिवसाच्या घटनेवरची आपली नोंदही योग्य आहे. गाडीच्या प्रस्तावावर माझा आक्षेप कायम आहे: अकराच्या आधी आणि पाचनंतर काय? ऊस वाहतुकीचे अपघात संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान होतात, कारण विनारिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या त्याच वेळी रस्त्यावर रांगेने उभ्या असतात. तेव्हा निदान गाळप हंगामापुरती, म्हणजे दिवाळीनंतर मार्चपर्यंत, प्रत्येक तालुक्यातील एका दूरक्षेत्राला चोवीस तासांची नेमणूक द्यावी. एक रुग्णालयाजवळचे, एक सीमेवरचे, एक घाटाखालचे, अशी निवड करावी. तेवढ्या महिन्यांची स्टेशन डायरी, म्हणजे पोलिसांची रोजची नोंदवही, समोर ठेवून मग वाद घालू.

निवृत्त अंमलदार

हंगामापुरते म्हणता, पण पुसेगाव आणि मांढरदेवच्या यात्रा त्याच महिन्यांत येतात, हेही ध्यानात घ्या. होमगार्ड देऊन खुर्ची भरली जाईल, तपास होणार नाही.

कोयनाखोरे

घाटाखालचे म्हणून जे निवडाल, तेथे आधी मोबाइलला रेंज येते का, ते पाहून घ्यावे.

रात्रपाळी

गाडी ठेवा किंवा खोली उघडी ठेवा, आमची अडचण त्याहून लहान आहे. आमच्या अपघात कक्षाच्या भिंतीवर बीट अंमलदारांचा जो क्रमांक लिहिलेला आहे, तो बदली होऊन गेलेल्यांचा आहे. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात एकदा तो लावला, तर त्यांनी कोल्हापूरहून उचलला आणि अतिशय सौजन्याने नव्या साहेबांचा क्रमांक शोधून दिला, तोवर बाहेर हाणामारी सुरू झाली होती. त्या कक्षात व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या नावाचा, बदली झाली तरी न बदलणारा एक क्रमांक असावा, आणि तो मोबाइल पाळीप्रमाणे हातोहात दिला जावा. यासाठी पदनिर्मितीही लागत नाही आणि वित्त विभागही लागत नाही. अंमलदार काका, आपल्या काळात हे कोण ठरवत असे, ठाण्याचे प्रभारी अधिकारी की उपविभागीय अधिकारी? अर्ज कोणाच्या नावे करायचा, तेवढे सांगावे.